पिंपं पाण्यात

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर बर्फाला हाकतो तो वारा. ईशान्येचा वारा सुटला की समुद्रावरचा बर्फ किनाऱ्यापासून लांब सरकतो आणि मध्ये पाण्याची गल्ली मोकळी होते. नैर्ऋत्येचा सुटला की तोच बर्फ परत येऊन किनाऱ्याला भिडतो. तिथल्या इनुपियात लोकांना हे बाराखडीसारखं पाठ. १८७१ च्या उन्हाळ्यात देवमासे मारणाऱ्या शिडाच्या जहाजांचा ताफा या गल्लीत शिरला, तेव्हा त्यांनी कप्तानांना सांगून पाहिलं की यंदा लक्षणं ठीक नाहीत, वेळेत परत फिरा.

कप्तान काही मूर्ख नव्हते. निम्मं आयुष्य समुद्रावर काढलेली माणसं ती. वारा त्यांनाही कळत होता, आणि घोटाळा तिथेच झाला. बर्फ आत यायचा आणि ईशान्येचा वारा येऊन त्याला बाहेर काढायचा, हे त्यांनी दर वर्षी पाहिलं होतं. दहा वेळा झालं ते अकराव्यांदा होणारच, असा हिशेब. आपलेही बरेचसे हिशेब असेच असतात, फक्त आपल्या दारात बर्फ येत नाही.

शिवाय देवमासे समोर दिसत होते. जमिनीतून खनिज तेल निघायला लागल्यापासून दिव्यासाठी देवमाशाच्या तेलाची मागणी उतरली होती. पण उत्तरेकडच्या बोहेड देवमाशाच्या तोंडात दातांऐवजी झालरीसारख्या लांब, लवचीक पट्ट्या असतात, त्यांना अजून चांगला भाव होता. कॉर्सेटमध्ये, छत्रीच्या काड्यांत, चाबकांत त्या लागत. म्हणजे शहरातल्या एखाद्या बाईची कंबर बारीक दिसावी म्हणून अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदराचा खलाशी बर्फाच्या तोंडाशी वल्हं मारत होता.

ऑगस्टच्या अखेरीस नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि थांबेना. पॉइंट बेल्चरजवळ जहाजं किनारा आणि बर्फ यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सापडली. एका बाजूला उथळ पाणी, दुसऱ्या बाजूला पुढे सरकणारा पांढरा बांध. सप्टेंबरच्या दुसऱ्या तारखेला ‘कॉमेट’ चिरडलं गेलं. मग ‘रोमन’ दोन प्रचंड हिमखंडांच्या मध्ये आलं आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं तासाभराच्या आत फुटलं. पाठोपाठ ‘अवाशाँक्स’. उरलेल्या जहाजांवरचे लोक हे डेकवरून बघत होते, आणि अजूनही ईशान्येच्या वाऱ्याची वाट बघत होते.

तरी एक शहाणपण त्यांनी केलं. ‘फ्लोरिडा’ जहाजाचे कप्तान फ्रेझर यांना होड्या देऊन दक्षिणेकडे धाडलं. साठ-सत्तर मैलांवर आइसी केपच्या पलीकडे सात जहाजं त्यांना भेटली. तीही बर्फातून जेमतेम सुटली होती, आणि तोंडं मोकळ्या समुद्राकडे वळवली की झालं, इतकी ती निसटण्याच्या बेतात होती. फ्रेझर यांनी विचारलं, तुम्ही थांबाल का? सातही कप्तानांनी थांबायचं कबूल केलं.

१२ सप्टेंबरला अडकलेल्या जहाजांच्या कप्तानांनी बैठक घेऊन कागदावर सह्या केल्या. जहाजं सुटण्याची आशा नाही, हिवाळाभर पुरेल एवढं अन्न नाही आणि किनाऱ्यावर खायला-जाळायला काही नाही, असं त्यात लिहिलं होतं.

किनाऱ्यावर अन्न का नव्हतं, याचं उत्तर मात्र थोडं त्यांच्याकडेच जातं. देवमासे मिळेनात तेव्हा हीच जहाजं तेलासाठी वॉलरस मारत सुटायची, आणि वॉलरस हे त्या किनाऱ्यावरच्या माणसांचं रोजचं जेवण. आदल्याच वर्षी ‘जपान’ नावाचं जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ फुटलं होतं. त्याचे कप्तान बार्कर आणि त्यांचे खलाशी तो हिवाळा तिथल्याच लोकांच्या घरांत जगले. त्या लोकांनी स्वतःच्या साठ्यातलं वॉलरसचं मांस त्यांना खाऊ घातलं. परत आल्यावर बार्कर यांनी वॉलरसची ही कत्तल थांबवा म्हणून वर्तमानपत्राला लिहिलं. ज्याच्या ताटातलं काढून घेतलं त्यानेच आपल्याला वाढलं, हे त्यांना जेवताना कळलं होतं. पुष्कळांना तेवढ्यानेही कळत नाही.

१४ सप्टेंबरला जहाजांवर झेंडे उलटे चढवले गेले. समुद्राच्या भाषेत उलटा झेंडा म्हणजे संकट. माणसं होड्यांत उतरली. त्यांत कप्तानांच्या बायका होत्या, लहान मुलं होती. बर्फाने फळ्या कापल्या जाऊ नयेत म्हणून काही होड्यांच्या नाळेवर तांब्याचे पत्रे ठोकले होते. रात्र किनाऱ्यावर, पालथ्या घातलेल्या होड्यांच्या आडोशाला काढली. दुसऱ्या दिवशी उघड्या समुद्रात वारा एवढा चढला की पाणी होड्यांत येऊ लागलं आणि जवळचं सामान टाकून द्यावं लागलं. पण सगळी त्या सात जहाजांपर्यंत पोचली. १२१९ माणसं, आणि त्यांतलं एकही दगावलं नाही.

गोष्टीतला अवघड भाग इथे सुरू होतो. देवमाशांच्या जहाजावर माणसं असायची तीस-पस्तीस, आणि सगळं पोट मालासाठी राखलेलं. ‘युरोपा’वर २८० जण आले. ‘आर्क्टिक’वर २५०, ‘प्रोग्रेस’वर २२१, ‘लगोडा’वर १९५. बाकीचे ‘डॅनियल वेबस्टर’, ‘मिडास’ आणि ‘चान्स’वर. एवढ्यांना झोपायला जागा कुठून आणायची? तेलाची पिंपं कठड्याशी लोटत आणून समुद्रात सोडण्यात आली. पट्ट्यांचे गठ्ठे गेले, अवजारं गेली.

इथे एक सांगायला हवं. या जहाजांवर ठरलेला पगार नसायचा. फेरी संपली की माल विकायचा आणि आलेल्या पैशांत कप्तानापासून पोऱ्यापर्यंत प्रत्येकाचा ठरलेला वाटा. कप्तानाचा मोठा, नवख्या पोराचा शेदीडशेवा किंवा त्याहूनही बारीक. त्यामुळे पाण्यात पडलेलं प्रत्येक पिंप हे नुसतं मालकाचं नुकसान नव्हतं. लोटणाऱ्याच्या घरी जाणारे पैसेही त्यात होते, आणि त्याला ते ठाऊक होतं. सातांतल्या एकानेही नांगर उचलून पळ काढला नाही. धंदा म्हणून पाहिलं तर ते पळून गेले असते तर फायद्यात राहिले असते, आणि लोकांनी त्यांना फार दोषही दिला नसता, कारण बर्फ त्यांच्याही अंगावर येत होता.

सात जहाजं माणसांनी खच्चून भरून होनोलुलूकडे निघाली.

मागे राहिलेल्या जहाजांवर एकच खलाशी लपून थांबला होता. पट्ट्यांचा माल आयताच मिळेल असं त्याला वाटलं. पुढल्या वर्षी आलेल्या जहाजांना तो अर्धमेला सापडला. त्याच्या सांगण्याप्रमाणे, सगळे गेल्यावर दोनेक आठवड्यांनी ईशान्येचा वारा आला. सगळे ज्याची वाट बघत होते तोच. पण तो वादळ होऊन आला आणि अडकलेली जहाजं त्याने बर्फात घालून भरडून काढली. ३३ जहाजांपैकी नंतर परत नेण्याजोगं निघालं ते एकच, ‘मिनर्व्हा’.

पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, त्याच समुद्रात जवळपास तसंच घडलं. या वेळी डझनभर जहाजं अडकली. बरेच जण चालत आणि होड्या ओढत बाहेर पडले. काहींनी मात्र जहाज सोडलं नाही. डोक्यावर छप्पर आहे, खाली माल आहे, वारा येईलच, असा त्यांचा विचार असावा. शिर सलामत तर पगडी पचास, हे ऐकायला सगळ्यांनाच पटतं. पगडी डोक्यावर असताना पटत नाही. ती माणसं पुन्हा कोणाला दिसली नाहीत.

न्यू बेडफर्डच्या देवमासा संग्रहालयात एका मोठ्या दालनात ‘लगोडा’ची निम्म्या आकाराची प्रतिकृती उभी आहे. तिच्या मालकाच्या मुलीने वडिलांच्या स्मरणार्थ ती १९१६ मध्ये बांधवून दिली. हे नाव मुळात रशियातल्या लाडोगा सरोवरावरून द्यायचं होतं, रंगवताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि तसंच राहिलं. जहाज मोठं भाग्याचं म्हणून ओळखलं जायचं, कारण त्याने मालकाला भरपूर नफा मिळवून दिला. खरं ‘लगोडा’ सुमारे १०८ फूट लांब होतं. कधी तिकडे गेलात तर त्या प्रतिकृतीच्या डेकवर चढा, हे दुपटीने मोठं आहे असं समजा, आणि १९५ माणसं कुठे कुठे निजली असतील ते बघा.