उसना धीर

विषण्णतेवरील औषधांच्या इतिहासात मानवी बुद्धीच्या योजनेपेक्षा तिच्या सावध निरीक्षणालाच अधिक श्रेय द्यावे लागते. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड देण्यात येऊ लागले, तेव्हा त्यांची चित्तवृत्ती अनपेक्षितपणे उल्हसित झालेली दिसली. आणि स्किझोफ्रेनियावर निरुपयोगी ठरलेले इमिप्रामिन विषण्ण रोग्यांना गुणकारी आहे, हे स्वित्झर्लंडमधील रोलांड कून या मनोविकारतज्ज्ञाने 1957 मध्ये जाहीर केले. उलट, ज्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये जगापुढे मांडला, तिच्यातील रेसर्पिनने काही रोगी खिन्न होतात, असे पुढे आढळले. मेंदूतील द्रव्यांच्या न्यूनाधिक्याची उपपत्ती अशा उभयपक्षी पुराव्यावर उभी राहिली. ती आज पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. परंतु कारण उमगले नाही म्हणून अनुभवास आलेला गुण नाकबूल करणे हा अन्याय होय.

मला अधिक विचारणीय वाटते ती या औषधांची मुदत. गोळी सुरू केल्यापासून गुण दिसू लागेपर्यंत बहुधा दोन ते चार आठवडे जातात, आणि मळमळ, अस्वस्थता, निद्रानाश हे उपद्रव मात्र आधी हजर होतात. म्हणजे जो रोग माणसाची आशाच हिरावून घेतो, त्याचाच इलाज त्याला आशा धरून थांबण्यास सांगतो. ‘याचा काही उपयोग नाही’ असे रोगी म्हणतो, तेव्हा त्या उद्गारात त्याचे स्वतःचे मत किती आणि रोगाचे किती, हे त्यालाही सांगता येत नाही. आणि नेमक्या याच आठवड्यांत आमच्या घरांतून ‘मन खंबीर कर’, ‘गोळ्यांची सवय लागेल’ असा उपदेश सुरू होतो! ही औषधे व्यसन लावणारी नव्हेत. एकाएकी सोडल्यास चक्कर, बेचैनी असे त्रास होतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावयाची असतात, इतकेच. पंचविशीच्या आतील रोग्यांत तर आरंभी आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव असल्याने, तेव्हा जवळच्या माणसाने डोळ्यांत तेल घालून राहावे लागते.

अन्नपाणी सोडलेल्या रोग्याला ही मुदतच परवडत नाही. त्याच्यासाठी विद्युत्-उपचार आजही मोलाचा आहे, आणि भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून तो करण्यास 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली, हे योग्यच झाले.

इतर रोग्यांना मात्र ही मुदत कोणाच्या तरी सोबतीने काढावी लागते, आणि त्या दृष्टीने ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यात केलेला व 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या सामान्य माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील विषण्ण रोग्यांना सहा ते आठ भेटींत पुन्हा लहानसहान कृतींकडे वळवण्याचे काम सोपविले गेले. तीन महिन्यांनी त्या रोग्यांपैकी शेकडा 64 जण विषण्णतेतून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीच्या, थोड्या सुधारलेल्या उपचारावर राहिलेल्यांत हेच प्रमाण शेकडा 39 होते.

मग दवाखान्यात महिन्याभराच्या गोळ्या हाती देऊन पुढची तारीख सांगताना, या महिन्यात रोज विचारपूस कोण करणार, हे का विचारले जाऊ नये? केसपेपरवर वय, वजन, मात्रा यांच्या शेजारी त्या माणसाच्या नावाचा एक रकाना असावा, आणि तो रिकामा राहिल्यास भरण्याची जबाबदारी आरोग्य केंद्राने आपल्याकडे घ्यावी.