ऐकण्यासाठी लागणारी वीज

छोट्या नौकेवर वीज मोजूनमापून वापरावी लागते. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १,२०० वॉट-तास साठवते. पण ती वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून हाताशी ६०० धरावेत. इंजिन बंद असताना नकाशाचा पडदा, रडार, नौकेचे दिवे आणि व्हीएचएफ रेडिओ संच याच साठ्यावर चालतात. हा संच नुसता ऐकत असला तरी सुमारे ५ वॉट घेतो. दिवसाचे १२० वॉट-तास झाले, म्हणजे वापरण्याजोग्या साठ्याचा पाचवा हिस्सा. कोणाशी बोलायचे नसेल तर तो बंद ठेवावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण कदाचित कधीच न येणाऱ्या परक्याच्या हाकेसाठी स्वतःचा साठा खर्च करणे हे कर्तव्य आहे की नुसते औदार्य, हा प्रश्न बॅटरीच्या हिशोबाने सुटत नाही.

हाक मारायला फार थोडी वीज पुरते. संकटात सुरू होणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन ५ वॉट शक्तीचा, सुमारे अर्ध्या सेकंदाचा संदेश दर ५० सेकंदांनी पाठवतो. ४८ तासांत तो जेमतेम अडीच वॉट-तास ऊर्जा प्रक्षेपित करतो. २० वॉटचा नकाशाचा पडदा तेवढी साडेसात मिनिटांत संपवतो. खरा खर्च ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे, कारण हाक केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने त्याला अखंड जागे राहावे लागते. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेसाठी इस्रोने बंगळूरुबरोबर लखनौलाही उपग्रहामार्फत येणारे असे संदेश टिपणारे केंद्र उभारले. गोमतीकाठचे हे शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे.

बीकनच्या संदेशात हाक मारणाऱ्याची ओळख असते, ज्याला हाक मारली त्याचे नाव नसते. भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र हा हत्ती असाच आहे. नक्राने पाय धरल्यावर तो एका देवतेचे रूप न वर्णिता जगाच्या मूळ कारणाला हाक मारतो. म्हणून इतर देव येत नाहीत, सर्वांचा आत्मा असलेला हरी येतो. निनावी हाक कोणाचीच नाही, हा युक्तिवाद ही कथा मुळातच नाकारते.

माणसांत मात्र सर्वांचा आत्मा असलेला कोणी नाही, म्हणून हाकेला ओ देण्याचे कर्तव्य वाटून घ्यावे लागते. लखनौला ऐकता येते, पोहोचता येत नाही. जवळच्या नौकेला पोहोचता येते; पण तिचा संच बंद असेल तर तटरक्षक दलाने त्या भागातल्या नौकांना घातलेली साद तिथवर जात नाही. व्हीएचएफचा पल्ला मोजक्याच किलोमीटरांचा असल्याने जवळच्या कानाची जागा दूरचा कान घेऊ शकत नाही. इथेच औदार्याचे कर्तव्य होते.

१९७४ चा सागरी सुरक्षेचा करार आणि १९८२ चा सागरी कायद्याचा करार संकटातल्या माणसाला मदत करण्याचे बंधन घालतात. १९८२ च्या करारातले ९८ वे कलम स्वतःचे जहाज, खलाशी आणि प्रवासी गंभीर धोक्यात न घालता ही मदत करावी, अशी मर्यादाही आखते. ती मर्यादा योग्यच आहे. बॅटरी इतकी उतरली की रात्री नौकेचे दिवेच विझतील, तर संच बंद करणाऱ्या तांडेलाला दोष देता येत नाही. त्याआधी पडद्याचा उजेड कमी करणे आणि दृश्यमानता चांगली असेल तर रडार अधूनमधूनच चालवणे त्याच्या हातात असते.