अंतर ठेवावे, अंतर देऊ नये

वारकरी बंधुभगिनींनो, आपल्या संप्रदायात पहिला धडा पायांचा. गळ्यात माळ पडली, की लहानथोर न पाहता समोरच्याच्या पायांस हात लावावयाचा, आणि त्यानेही उलट आपल्या पायांस लावावयाचा. वय, जात, विद्या, पैसा ह्यांचा हिशेब तेवढ्या वेळेपुरता तरी बाजूस राहतो. अशा ह्या संप्रदायास २०२० साली आज्ञा झाली, की कोणी कोणास शिवू नये, सहा फुटांवर उभे राहावे, तोंड झाकावे, घोळक्याने जमू नये. करोनाची ती साथ ओसरून आता काही वर्षे झाली. वारी पुन्हा पूर्वीसारखी चालू लागली. परंतु एक प्रश्न मागे राहिला आहे आणि दिंडीच्या मुक्कामावर जेवणे आटोपली, की तो अजूनही निघतो. त्या दोन वर्षांत आपण एकमेकांपासून दूर राहिलो, तो धर्म झाला की अधर्म?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. एक वारीचा आणि दुसरा गावाचा. पहिल्याची चर्चा पुष्कळ झाली, दुसऱ्याची फारशी झाली नाही. म्हणून दोन्ही वेगळे करून पाहू.

प्रथम वारीचे. १७ मार्च २०२० पासून पंढरीचे मंदिर दर्शनास बंद झाले. त्या वर्षीची आषाढी १ जुलैस आली. पायी सोहळा नाही, मोजक्या मानाच्या पादुका तेवढ्या ३० जूनला एस.टी.च्या बसने पंढरीस न्यावयाच्या, बरोबर माणसे वीस, असे ठरले. पैठणाहून निघणारी श्रीएकनाथमहाराजांची पालखी दरवर्षी आपल्या परंड्यावरून जाते आणि पुढे कुर्डू, अरण, करकंब अशी पंढरीची वाट धरते. त्या आषाढात परंड्याच्या रस्त्यावर टाळमृदंग वाजला नाही. पंढरपुरात संचारबंदी होती. आषाढीच्या महापूजेस मुख्यमंत्र्यांच्या जोडीला बसण्याचा मान एरवी दर्शनरांगेतल्या वारकरी दांपत्यास मिळतो. त्या वर्षी रांगच नव्हती. तेव्हा मंदिरात वीणा घेऊन पहारा देणाऱ्या एका सेवेकऱ्यास सपत्नीक तो मान मिळाला. २०२१ सालीही आषाढी २० जुलैला अशीच झाली. दहा पालख्या, प्रत्येकीस दोन बस आणि चाळीस माणसे. पायी वारीसाठी आग्रह धरणाऱ्या एका ज्येष्ठ कीर्तनकारांना त्या वर्षी पोलिसांनी अडविले, प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेथेही पायी वारीची मागणी मान्य झाली नाही.

आता कोणी म्हणेल, आमच्या आज्या-पणज्यांनी दुष्काळात वारी केली, पटकीच्या साथीत केली. मरण आले तर वाटेत येईल, ते तर भाग्यच. नेम तो नेम. हे बोलणे ऐकावयास तेजस्वी वाटते आणि त्यामागची निष्ठा खोटी नाही. पण रोगाचे चालणे कसे होते ते आधी ध्यानात घ्यावे. हा रोग श्वासातून जाई. ज्यास ताप नाही, खोकला नाही, असा धडधाकट दिसणारा मनुष्यही तो दुसऱ्यास देऊ शके. आणि उंच स्वरात गाणाऱ्याच्या श्वासातून तो अधिक पसरे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एक भजनी मंडळासारखी गाणाऱ्यांची मंडळी आहे. १० मार्च २०२० रोजी तिच्यातले ६१ जण तालमीस जमले. त्यांतले ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. ती माणसे काही पाप करीत नव्हती. देवाची गाणीच म्हणत असतील. पण रोग भजन आणि भांडण असा भेद करीत नाही.

म्हणजे नेमाचा अर्थ येथे बदलतो. मी उपास केला, अनवाणी चाललो, पावसात भिजलो, ह्यात झिजतो तो माझा देह. त्यास व्रत म्हणावे. पण माझ्या चालण्याने वाटेवरच्या गावातल्या एखाद्या म्हातारीचा श्वास कोंडणार असेल, तर झिजतो तो तिचा देह. दुसऱ्याच्या देहावर आपले व्रत कोणी करते काय? मरणास मी भीत नाही, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. पण तो स्वतःच्या मरणापुरता. शेजाऱ्याच्या मरणास मी भीत नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणास दिला?

बरे, ह्यास आपल्याच घरात आधार नाही काय? परंड्याहून पंढरीस जाताना वाटेत अरण लागते. तेथे सावतामाळी होऊन गेले. मळ्यातले काम सोडून ते पंढरीस गेले नाहीत, देवच त्यांच्या भेटीस आला, अशी कथा आहे. संप्रदायाने त्यांस वारी चुकविणारा म्हणून बाहेर काढले नाही, संत म्हणून डोक्यावर घेतले. आणि पंढरीचे मूळच पाहा ना! पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता. देव दारी आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही, वीट पुढे सारली आणि थांब म्हणाला. देव थांबला. चार पावलांवर थांबला. तो आत घुसला नाही आणि रागावून निघूनही गेला नाही. म्हाताऱ्या आईबापांची शुश्रूषा चालली आहे म्हणून देवाने अंतर ठेवले, त्याचीच आपण पूजा करतो. तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांसाठी जो वारकरी त्या दोन आषाढांत उंबऱ्याच्या आत राहिला, त्याची वारी मोडली असे मानण्याचे कारण दिसत नाही.

येथपर्यंत बहुतेकांचे एकमत होईल. आता गावाचे बोलू.

आपल्या मायबोलीत 'अंतर' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. अंतर ठेवणे म्हणजे मध्ये जागा सोडणे. अंतर देणे म्हणजे टाकून देणे. लेक सासरी जाताना आई सांगते, बाई, आम्हांला अंतर देऊ नकोस. मुलगी शंभर कोसांवर राहते, तरी अंतर देत नाही. आणि एका भिंतीआड राहणारे भाऊ एकमेकांस अंतर देतात. पहिल्यात जागा दूर असते, दुसऱ्यात मन. साथीच्या काळात सरकारने सांगितले ते अंतर ठेवण्यास. गावोगाव घडले ते काय?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. पुण्यामुंबईतले कारखाने, हॉटेले, बांधकामे बंद पडली. आपल्या मराठवाड्यातली कितीतरी घरे त्या शहरांच्या कमाईवर चालतात. हातचे काम गेलेली पोरे गावाकडे निघाली. कोणी ट्रकमध्ये दडून आली, कोणी पायी. आणि ठिकठिकाणच्या गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या, दगड, गाडीची चाके आडवी टाकली. बाहेरच्यास बंदी! बाहेरचा म्हणजे कोण? कालपरवापर्यंत ज्याने पाठविलेल्या पैशावर देवळाचा कळस चढला, सप्त्याची पंगत उठली, तोच. परंड्यास भुईकोट किल्ला आहे, भोवती खंदक आहे. खंदक शत्रूसाठी खणतात, लेकरासाठी नव्हे.

ह्यावर उत्तर तयार असते. रोग गावात येऊ नये म्हणून केले, त्यात गैर काय? चौदा दिवस शाळेत ठेवले, त्यात वाईट काय? काहीच नाही. भीती वाटणे पाप नाही, आणि शाळेत ठेवणे तर त्या वेळी आवश्यकच होते. पण शाळेत ठेवण्याचेही दोन प्रकार होते, आणि ते ओळखण्याच्या तीन खुणा सांगता येतात. त्या पुढेही उपयोगी पडतील, म्हणून नीट मांडतो.

पहिली खूण ताटाची. ज्यास दूर ठेवले त्याच्यापर्यंत भाकरी, पाणी आणि चार शब्द पोहोचले काय? खिडकीशी डबा ठेवून, दूर उभे राहून, बाबा झोप लागली का रे, असे विचारणारा कोणी होता काय? असेल तर ते अंतर ठेवणे. डबा घरच्यांनी आणला तर आणला, नाही तर गाव मोकळे, असे असेल तर ते अंतर देणे.

दुसरी खूण सारखेपणाची. नियम सर्वांस एक होता काय? मजुराचा पोर शाळेत आणि मोठ्या घरचा पोर रात्री मोटारीतून थेट माडीवर, असे जेथे झाले, तेथे भय रोगाचे नव्हते, जोर दुबळ्यावर होता.

तिसरी खूण मुदतीची. रोगासाठी ठेवलेल्या अंतरास दिवस असतात. चौदा म्हटले की पंधराव्या दिवशी मनुष्य घरी. विटाळास दिवस नसतात. तो जन्माला, जातीला, नावाला चिकटतो आणि रोग गेला तरी जात नाही.

ह्या तिसऱ्या खुणेने पाहिले म्हणजे बरेच उघडे पडते. २०२० च्या वसंतात दिल्लीतल्या एका धार्मिक मेळाव्याचे निमित्त झाले आणि एका सबंध समाजाकडे बोट दाखविले गेले. त्या मेळाव्यास आलेल्या परदेशी पाहुण्यांवर आपल्या राज्यातही गुन्हे नोंदले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ते रद्द केले आणि ह्या लोकांना बळीचा बकरा केले असण्याची शक्यता आहे, अशा अर्थाचे शब्द निकालात लिहिले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांस संत म्हणणाऱ्या आपण तरी रोगास धर्म चिकटवू नये.

दुसरे उदाहरण विधवांचे. सरकारी नोंदीप्रमाणेच महाराष्ट्रात ह्या साथीने १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे नेली. कितीतरी तरुण बायांचे कुंकू गेले. रोग गेला, मुखपट्ट्या गेल्या, पण हळदीकुंकवाच्या वेळी त्या बाईस दूर बसविण्याचे अंतर गेले काय? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ह्या प्रथा बंद केल्या. पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. हेरवाडने जे ओळखले ते हेच, की काही अंतरांस आपण मुदतच घातली नव्हती.

येथे एक शंका रास्त आहे. सर्वच दूर राहिले, तर आजाऱ्यास उचलावयाचे कोणी? ही शंका ज्यांस सुचते त्यांनी नाथांचे चरित्र आठवावे. पैठणास गोदेच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या आईचे लेकरू रडत होते, नाथांनी ते उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचविले, ही कथा सर्वांस पाठ आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यास सावित्रीबाई फुले ह्यांनी प्लेग झालेल्या एका दलित मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले. त्या मुलाचे नाव पांडुरंग होते असे सांगतात. त्यातच बाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा सिद्धांत असा निघतो, की हौसेची, मानाची, सवयीची जवळीक अशा काळी सोडावी. सेवेची जवळीक मात्र कोणीतरी धरलीच पाहिजे. आणि ती जो धरतो, तो त्या काळचा खरा वारकरी.

ती कोणी धरली? गावात घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजणाऱ्या आशाताईंनी. परिचारिकांनी. नात्यागोत्याची माणसे लांब उभी असताना परक्याच्या प्रेतास अग्नी देणाऱ्या सफाई कामगारांनी. आणि त्यांस काय मिळाले? टाळ्या मिळाल्या, थाळ्या वाजल्या. परंतु कित्येक परिचारिकांना घरमालकांनी खोली सोडावयास सांगितली, आणि जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला. ज्यांनी आपल्यासाठी अंतर मोडले, त्यांनाच आपण अंतर दिले. ह्यास काय नाव द्यावे ते वाचकांनीच ठरवावे.

एक दुःख असे आहे, की त्यापुढे ही सारी मीमांसा थिटी पडते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये किती लेकरांना बापाचे शेवटचे तोंड पाहता आले नाही. पिशवीत बांधलेला देह, चार पावलांवर चिता आणि मध्ये नियम. ते अंतर ठेवणेच होते, देणे नव्हते, हे खरे. पण ज्याच्यावर आले, त्याच्या छातीत ते अजून आहे. त्यास शास्त्र सांगू नये. जवळ बसावे, एवढेच.

असो. वारी २०२२ पासून पुन्हा पायी चालू आहे. नाथांची पालखी आषाढात परंड्यास येते, लोक दर्शनास धावतात, पायांवर डोकी टेकतात. ते व्हावेच. पण प्रत्येक गावात त्या काळात वेशीवरून परत फिरविलेला एखादा पोर आहे, शेवटचे तोंड न पाहिलेला एखादा मुलगा आहे, मानधनाची वाट पाहत दारोदार फिरलेली एखादी आशाताई आहे, कुंकू पुसलेली एखादी बाई आहे. पालखी गावात असेल त्या दिवशी त्यांच्यापैकी एकाच्या दारी जावे, पंगतीत त्यास शेजारी बसवावे, आणि माळ घालताना जो पहिला धडा घेतला तो तेथे गिरवावा. चौदा दिवस केव्हाच संपले आहेत.

रामकृष्ण हरि.