देश नसलेल्या मुलाचा देश

आपल्याला देश जन्मतःच मिळतो. तो मागावा लागत नाही, म्हणून त्याचे मोलही सहसा मनात येत नाही. ज्याला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत कोणत्याच देशाने आपला म्हटले नाही, त्याला ते मोल पुरते ठाऊक असते. अमेरिकेचे जनरल जॉन शालिकाश्विली हे असे गृहस्थ होते.

त्यांचा जन्म १९३६ चा, वॉर्सामधला. वडील जॉर्जियाच्या सैन्यातले अधिकारी. १९२१ मध्ये लाल सेनेने जॉर्जिया घेतला, त्यांचा मायदेश सुटला आणि ते पोलंडच्या सैन्यात नोकरीला लागले. निर्वासिताचा मुलगा म्हणून जॉन पोलंडमध्ये जन्मूनही पोलंडचे नागरिक नव्हते. १९४४ च्या उठावात वॉर्सा बेचिराख झाले आणि आठ वर्षांच्या या मुलाचे कुटुंब जीव वाचवत जर्मनीतल्या पापेनहाइमला पोचले. १९५२ मध्ये ते अमेरिकेत, इलिनॉयमधल्या पिओरिया गावी आले. सोळा वर्षांच्या जॉनला इंग्रजी जेमतेम येत होते. गावातल्या लोकांनी या अनोळखी कुटुंबाला घर बघून दिले, आईवडिलांना नोकऱ्या मिळवून दिल्या. मुलगा शिकला, इंजिनिअर झाला. १९५८ मध्ये नागरिकत्व मिळाले. त्यांच्या आयुष्यातले ते पहिलेच नागरिकत्व. त्याच वर्षी सक्तीच्या लष्करभरतीत त्यांचे नाव निघाले आणि ते साधे शिपाई म्हणून दाखल झाले. सेवा संपवून घरी जाता आले असते. पण त्यांना सैन्य आवडले. पुढच्याच वर्षी ते अधिकारी झाले आणि तब्बल एकोणचाळीस वर्षे त्यांनी गणवेश उतरवला नाही.

या प्रदीर्घ सेवेतला १९९१ चा वसंत मला सर्वांत मोलाचा वाटतो. आखाती युद्धानंतर सद्दाम हुसेनने कुर्दांचा उठाव चिरडला. लाखो कुर्द तुर्कस्तानच्या सीमेवरच्या बर्फाळ डोंगरांत अडकले. थंडीने आणि रोगाने लहान मुले दगावू लागली. त्यांच्या मदतीसाठी निघालेल्या अनेक देशांच्या सैन्याची सूत्रे शालिकाश्विलींकडे आली. विमानांतून अन्न टाकून काम भागले असते, तर ते तिथेच संपले असते. पण डोंगरावरचा माणूस खाली आपल्या गावात परतायला हवा, आणि त्यासाठी आधी ते गाव निर्भय व्हायला हवे. इराकी सैन्याला झाखोच्या परिसरातून मागे हटवले गेले, छावण्या उभ्या राहिल्या आणि काही महिन्यांत बहुतेक माणसे डोंगर उतरली. स्वतःचे गाव जळून मागे पडलेला मुलगा आता इतरांना त्यांच्या गावी पोचवत होता.

१९९३ मध्ये ते अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष झाले. देशाबाहेर जन्मलेला माणूस त्या पदावर प्रथमच बसत होता. नेमणुकीच्या वेळी एक कटू गोष्ट पुढे आली: त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या जॉर्जियन तुकडीत काम केले होते. सेनेटपुढे हा विषय निघाला. तरी बापाचा इतिहास मुलाच्या माथी मारला गेला नाही. मुलाने काय केले, एवढेच पाहून त्याला पद मिळाले. संस्था मोठी होते ती अशा न्यायाने.

अध्यक्ष असताना त्यांचे एक मत होते: समलिंगी सैनिकांनी आपली ओळख उघड करून सैन्यात राहू नये. निवृत्तीनंतर ते अशा सैनिकांशी बोलले, त्यांचे ऐकले आणि २००७ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून आपले मत बदलल्याचे जाहीरपणे सांगितले. तोवर पक्षाघाताने त्यांचे शरीर थकले होते. तरीही आपल्यासाठी उघडलेले दार दुसऱ्यांसाठी बंद राहू नये, यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. समलिंगी सैनिकांच्या उघड सेवेवरचा निर्बंध उठवणारा कायदा डिसेंबर २०१० मध्ये झाला; २०११ च्या जुलैमध्ये ते गेले.

देशप्रेम रक्तातून येते, असे आपण सहज म्हणतो. शालिकाश्विलींच्या रक्तात अमेरिका नव्हती. ती त्यांना पिओरियाच्या शेजाऱ्यांनी दिली, आणि त्यांनी ती आयुष्यभराच्या सेवेने फेडली. एखाद्याला आपले म्हणायला आपल्याला फारसे काही द्यावे लागत नाही: राहायला जागा, हाताला काम आणि थोडा विश्वास. आपल्या गावात, वर्गात, कचेरीत कोणी दूरवरून आलेला, भाषा अडखळत बोलणारा माणूस असेल, तर 'तू कुठला?' हे विचारून थांबू नका. त्याला काय हवे आहे, तेही विचारा.