उशिराचा स्वार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एका लग्नाच्या दिवशी, मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात बोलत उभी असताना, मी माझ्या भाच्याची बुलेट उभ्या जागी पाडली. गाडी चालूदेखील नव्हती. मी तिच्यावर बसलो, साइड स्टँड काढला आणि ती जराशी मागे घ्यावी म्हणून डावा पाय टेकवायला गेलो, तर पायाखाली ओली फरशी आणि उतार. दोनशे किलोंच्या आसपासचे ते धूड एका मर्यादेपलीकडे कलले की मग ते कोणाचेही ऐकत नाही, हे ज्ञान मला त्या क्षणी झाले. हँडल जिथे आदळले तेथून हातभर अंतरावर आमच्या शेजाऱ्यांची चार वर्षांची नात जिलेबीचा तुकडा हातात धरून उभी होती.

तिला काही झाले नाही. चार-पाच तरुण धावत आले, त्यांनी गाडी उभी केली, आणि भाचा मोठ्या मनाने म्हणाला, "असू दे मामा, लेगगार्डवर पडली, काही नाही झालं." मंडळी हसली, मीही हसलो. घरी परतताना मात्र माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर मागे बसलेली पत्नी द्वारका चौकापर्यंत एक शब्द बोलली नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा तिने एवढेच विचारले, "अहो, ती पोर एक पाऊल पुढं असती तर?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आणि ती गाडी मी सहज म्हणून हाताळत नव्हतो. तसलीच गाडी विकत घ्यायची, असे माझ्या मनाने जवळजवळ ठरवले होते.

वाचकांना थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. नोकरीची तीस वर्षे मी सायकल आणि शहर बस यांवर काढली. मोटारसायकल शिकलो ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. लोक ज्या वयात चालवणे कमी करतात, त्या वयात. आज एकोणसाठ पूर्ण होत आहेत. या चार वर्षांत शहरातील गर्दी, त्र्यंबक रस्त्यावरील पावसाळी धुके, गंगापूर धरणाकडचा वाऱ्याचा पट्टा हे सगळे त्या लहान गाडीवर अंगवळणी पडले. पत्नीचे माहेर संगमनेरला. सिन्नरच्या अलीकडे मोहदरीचा घाट लागतो. दोघांचे ओझे घेऊन ती गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकू लागते, आणि मागून येणाऱ्या मालट्रकचा हॉर्न पाठीत बसतो. अशा वेळी मोठे इंजिन हाताशी असावे असे वाटणे गैर नाही. जड गाडी ट्रकच्या झोताने हेलकावत नाही. शिवाय सव्वाशे सीसीच्या वरील गाड्यांना चाक अडकू न देणारी एबीएस ही ब्रेकची व्यवस्था आपल्या देशात २०१९ पासून सक्तीची आहे. माझ्या गाडीला ती नाही. तेव्हा मोठ्या गाडीच्या बाजूने खरीखुरी कारणे आहेत, आणि ती मी घरात पुष्कळदा, कदाचित गरजेपेक्षा अधिक वेळा, बोलून दाखवली आहेत.

परंतु माणूस ज्या कारणांनी एखादी गोष्ट इच्छितो आणि ज्या कारणांनी तिचे समर्थन करतो, ती नेहमी एकच असतात असे नाही. माझ्या लहानपणी आमच्या खेड्यातील प्रार्थनामंदिराला भेट द्यायला महिन्यातून एकदा फादर मोटारसायकलवरून येत. गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी तिचा आवाज शिवारापलीकडून ऐकू येई. आम्ही पोरे ओढ्यापर्यंत धावत जायचो. पुढे तसा आवाज फौजदाराच्या गाडीचा ऐकला, तालुक्याच्या डॉक्टरांच्या गाडीचा ऐकला. बुलेट १९५५ सालापासून मद्रासला तयार होऊ लागली, आणि पुढची कितीतरी वर्षे आपल्या ग्रामीण भागात ती ज्याच्यापाशी असे, त्याच्या शब्दाला गावात वजन असे. जे वजन मला पंचविशीत मिळाले नाही ते साठीच्या उंबरठ्यावर हप्त्याने घ्यावे, असा तर माझा डाव नव्हता? प्रामाणिकपणे सांगायचे तर थोडासा होता.

आता, एवढ्यावरून ती इच्छा पापमय ठरवण्याची घाई करू नये. आपल्या समाजात वडीलधाऱ्या माणसाने नवे काही हौसेने केले की लोक 'या वयात?' असे म्हणतात आणि विचार केल्याचे समाधान मिळवतात. साठाव्या वर्षी पेटी शिकणाऱ्या बाईंनाही हाच प्रश्न ऐकावा लागतो. वय हे स्वतः कोणत्याही नैतिक प्रश्नाचे उत्तर नव्हे. पेटी बेसूर वाजली तर शेजारी कान झाकतात, इतकेच. मोटारसायकलची गोष्ट निराळी, आणि निराळी आहे ती वयामुळे नव्हे.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सद्गुण हा दोन टोकांमधील मध्य असतो असे सांगताना एक उदाहरण घेतले आहे. एखाद्याला दहा माप अन्न फार होते आणि दोन माप थोडे, म्हणून तालमीच्या उस्तादाने प्रत्येकाला सहा माप वाढावे काय? तेच सहा माप मिलो नावाच्या मल्लाला अपुरे आणि व्यायामाला नुकत्याच लागलेल्या पोराला जास्त. योग्य प्रमाण वस्तूमध्ये नसते. ते वस्तू आणि माणूस यांच्या नात्यात असते. साडेतीनशे सीसी मोठे की लहान, याचेही तसेच. भाच्याच्या हाताखाली ती गाडी गरीब गाईसारखी वळते. माझ्या हाताखाली ती चर्चच्या आवारात आडवी होते.

हा मिलो ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील दक्षिण इटलीतल्या क्रोटोन नगरीचा. ऑलिंपिकमधील कुस्तीचा अनेक वेळचा विजेता. त्याच्याविषयी दोन दंतकथा प्राचीन लेखकांनी जपून ठेवल्या आहेत, आणि त्या एकत्र वाचण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालत असे. वासरू वाढत गेले तशी त्याची ताकद वाढत गेली, आणि शेवटी पूर्ण वाढलेला बैल तो उचलू लागला. दुसरी त्याच्या मरणाची. रानातून एकटा जात असता त्याला पाचर मारून अर्धवट चिरलेला एक ओंडका दिसला. उरलेले काम हातांनीच करू म्हणून त्याने बोटे फटीत घातली. पाचर निसटली, ओंडका मिटला, हात अडकले, आणि रात्री लांडग्यांनी त्याला खाल्ले.

माझ्या मते मोठी गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक उशिराच्या स्वाराची परिस्थिती या दोन कथांच्या मध्ये कोठेतरी असते. वासरू दिवसादिवसाने वाढते, म्हणून खांद्याला कळतही नाही. दुकानातली गाडी मात्र अशी वाढत नाही. काल एकशे दहा किलोंची होती ती आज एकदम एकशे पंचाण्णव किलोंची होऊन दारात उभी राहते, इंजिनाची ताकद अडीच पटींनी वाढलेली. युरोपातील देशांत याचा विचार कायद्यानेच केला आहे. तिथे परवान्याच्या पायऱ्या आहेत: आधी सव्वाशे सीसीपर्यंत, मग ठरावीक ताकदीपर्यंत, आणि त्यानंतर हवी ती. थेट शेवटच्या पायरीवर जायचे तर वय चोवीस हवे आणि परीक्षाही मोठ्या गाडीवरच द्यावी लागते. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकदा मिळाला की शंभर सीसी चालवा नाहीतर हजार. कायदा माझे वय पाहतो. पंचावन्न ओलांडलेल्याला परवाना पाचच वर्षांचा मिळतो आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. माझे डोळे तपासले जातात. मी काय चालवणार आहे, हे कोणी विचारत नाही. ते विचारण्याचे काम कायद्याने माझ्यावर सोडले आहे, आणि अशा ठिकाणीच विवेकबुद्धीचे काम सुरू होते.

कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ सालच्या ग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात वाहनाचा उल्लेख आला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. खून करू नकोस या आज्ञेखालीच, मद्याच्या किंवा वेगाच्या आवडीपायी रस्त्यावर स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषास पात्र ठरतो, अशा आशयाचे कलम तेथे आहे. मी वेगाचा शौकीन नाही. ताशी साठाच्या पुढे माझी गाडी जात नाही, आणि ते कलम आपल्यासाठी नव्हे असे मी खुशाल मानत होतो. पण त्या कलमातील 'दुसऱ्याचा' या शब्दापाशी मी त्या लग्नानंतर अडखळलो. धोका हा नेहमी वेगातूनच येतो असे नाही. न पेलणारे वजन उभ्या जागीही दुसऱ्याच्या अंगावर पडू शकते.

आणि तो दुसरा बहुधा आपल्याच पाठीशी बसलेला असतो. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांची संख्या ५० हजारांवर होती, आणि त्यांत १४ हजारांहून अधिक जण मागच्या सीटवर बसलेले होते. आमच्या नाशकात २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून पोलिसांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम काढली होती. पंपावर लोक एकमेकांची हेल्मेटे मागून घेत, पेट्रोल भरत आणि परत करत. मीही एकदा एका अनोळखी गृहस्थाला माझे दिले आहे. त्यात काही चुकले असे तेव्हा वाटले नाही. त्या दिवसांत पत्नीसाठी मात्र मी वेगळे हेल्मेट घेतले नव्हते. आपल्याला हवे ते एकच, पंपवाल्याला दाखवायला.

मागे बसणाऱ्याच्या हातात हँडल नसते, पायाखाली ब्रेक नसतो. पुढच्याच्या पाठीपलीकडचा रस्तादेखील तिला धड दिसत नाही. तिच्यापाशी असतो तो फक्त विश्वास, आणि त्या विश्वासाला मी आजवर संमती समजत आलो. मोठ्या गाडीबद्दल मी तिच्याशी रंगाविषयी बोललो, हप्त्याविषयी बोललो, संगमनेरला किती वेळात पोचू याविषयी बोललो. 'माझ्या मागे बसशील का?' हे कधी विचारले नाही. नवरा विचारतो कशाला, असे आमच्या पिढीला वाटते. योग्य कारणासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार माणसाला आहे, असे नीतिशास्त्र मानते. बुडणाऱ्याला वाचवायला गोदावरीत उडी घेणाऱ्याला कोणी दोष देत नाही. पण दुसऱ्याच्या वाट्याचा धोका आपण परस्पर पत्करू शकत नाही, मग ते दुसरे माणूस चाळीस वर्षे आपल्या संसारातले का असेना.

एवढे कळल्यावर गाडीचा नाद सोडावा, हा सरळ मार्ग होता. पत्नीनेही तो सुचवला नाही, हे तिचे मोठेपण. मीही तो घेतला नाही. हे मोठेपण की हट्ट, ते वाचकांनी ठरवावे. भिऊन मागे सरणे हेही एक टोकच आहे, आणि घाटात धापा टाकणारी लहान गाडी काही निर्धोक नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञतेची जी अंगे सांगितली आहेत, त्यांत स्मरण आणि दूरदृष्टी यांच्याबरोबर शिकवून घेण्याची तयारी हेही एक अंग मोजले आहे. आणि व्यवहाराच्या बाबतीत कोणीही स्वतःला पुरा पडत नसल्याने जाणत्या वडीलधाऱ्यांनीही काही बाबतींत शिष्य व्हावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. तेराव्या शतकातील या संन्याशाने माझी नेमकी अडचण ओळखली होती. गाडीचे वजन मला जड नव्हते. चोवीस वर्षांच्या भाच्याला 'मला शिकव' म्हणणे जड होते. ज्याच्या बाप्तिस्म्याला मी गॉडफादर म्हणून उभा राहिलो, त्याच्यापुढे क्लच कसा सोडावा हे विचारायचे!

विचारले. गेले चार महिने दर रविवारी पहाटेच्या मिस्सानंतर आम्ही एका शाळेच्या मैदानावर जातो. संचालकांची परवानगी घेतली आहे. पहिला महिना त्याने मला गाडी चालवूच दिली नाही. बंद गाडी ढकलत नेणे, वळवणे, डबल स्टँडवर चढवणे, आणि आडवी झाली तर पाठीला झटका न देता मांड्यांच्या जोरावर उचलणे, एवढेच. दोनदा मी चिडलो. "मामा, पाय आधी ठेवायचा, मग ब्रेक सोडायचा," हे वाक्य त्याने किती वेळा म्हटले असेल! आता विटांभोवती आठाचा आकडा काढतो. डावीकडचे वळण जमते, उजवीकडचे अजून रुंद जाते. रात्री समोरून दिवा आला की डोळे दिपतात, तेव्हा अंधारात चालवायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.

पत्नी कडेच्या पायरीवर थर्मास घेऊन बसते. गाडी कधी घ्यायची हे आता ती ठरवणार आहे. अजून ती मागे बसलेली नाही. परवा मात्र तिने उतरून त्या मागच्या सीटवर हात ठेवून पाहिला आणि, "जरा उंच आहे," एवढे म्हणाली. तोवर संगमनेरला आम्ही एसटीने जातो. तिला अर्धे तिकीट, मला पूर्ण.