चूक बोलती हवी

घरच्या लग्नाचे फोटो आपण संगणकावर ‘वऱ्हाड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. नाव वाचताच आत काय आहे ते कळते. मग एखादा बॅकअपचा प्रोग्राम तिथे पोचतो, त्याला ते नाव वाचता येत नाही आणि तो मुकाट पुढे जातो. शेवटी पडद्यावर ‘काम पूर्ण’ अशी ओळ उमटते. फोटोंची प्रत निघालेलीच नाही, हे कळते मूळ डिस्क बिघडल्यावर.

याचे मूळ जुने आहे. संगणकात अक्षरे साठवण्यासाठी 1963 साली ठरलेल्या आस्की संकेतात जेमतेम 128 जागा होत्या. त्या इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राच्या आज्ञा यांतच संपल्या. 1991 मध्ये अनेक लिपींना सामावणारे युनिकोड आले आणि एकट्या देवनागरीसाठी 128 जागांचा विभाग राखला गेला. पण जुन्या घडणीचे प्रोग्राम तसेच राहिले. विंडोजवर असा प्रोग्राम देवनागरी नाव वाचायला गेला की त्याच्या हाती प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे असूच शकत नाही असा पत्ता तो शोधत राहतो.

‘वऱ्हाड’मधला ऱ तर आणखी नाजूक. युनिकोडमध्ये तो एका संकेताने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची 1998 ची एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था अशी अक्षरे सुटी करून साठवत असे; इतर बहुतेक व्यवस्था नाव टंकले तसेच ठेवतात. नुसते बाइट ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामला मग एकच नाव दोन वाटते. साधी मोकळी जागाही पुरते: ‘जुने फोटो’ हे नाव अवतरणचिन्हांत घातले नाही, तर लिनक्समध्ये टंकलेल्या आज्ञा वाचणाऱ्या शेलला ती दोन वेगळी नावे दिसतात. आज्ञा पुसून टाकण्याची असेल, तर भलतेच काही पुसले जाऊ शकते.

या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांसाठी मी कोणाला दोष देत नाही. दोष आहे तो मूग गिळून बसण्याचा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘एक्सेप्ट’ आणि ‘पास’ हे दोन शब्द लिहिले की कसलीही चूक गिळता येते. ओपनसीव्ही या चित्रे हाताळणाऱ्या प्रोग्रामसंचातले चित्र वाचणारे फंक्शन फाइल उघडली नाही तर काम न थांबवता रिकामे उत्तर परत करते. ते तपासायचे की नाही, हे पुढच्यावर सोडलेले असते. थांबलेले काम दुरुस्त करता येते. झाले नसताना झाले म्हणून सांगितलेले काम दुरुस्त करायला कोणी जातच नाही.

आणि या मौनाची किंमत भाषा मोजते. कारण न कळल्यामुळे माणूस स्वतःलाच चुकीचा ठरवतो. जाणकार सल्ला देतात, ‘नावे इंग्रजीत ठेवा, म्हणजे कटकट नाही.’ तो सल्ला त्या दिवसापुरता उपयोगीही पडतो. पण मराठीवर कोणी बंदी घातलेली नसताना ती आपल्याच घरच्या कपाटातून एकेक फोल्डर करत मागे सरते.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुमच्या चाचणीत ‘वऱ्हाड (पुणे) 2024’ अशा नावाचा एक फोल्डर असू द्या. तो उघडता आला नाही, तर कोणता फोल्डर राहिला आणि का, हे स्पष्ट सांगा. आणि वाचकहो, तुम्ही आपली मराठी नावे बदलू नका. पण बॅकअप घेतल्यावर ‘काम पूर्ण’ या ओळीवर विसंबू नका. त्या प्रतीतला एक तरी फोटो उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.