दिवसापुरती भाकर

आईच्या बायबलात निर्गमाचा सोळावा अध्याय आपोआप उघडतो. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर पिठाच्या बोटाचा फिकट ठसा आहे. वडिलांना पक्षाघात झाला, त्यानंतरची साडेचार वर्षं आई पहाटे पाचला उठायची. परातीत पीठ काढून ठेवायची, पदराला हात पुसायची आणि वडिलांची कूस बदलण्याआधीची जी पंधरा-वीस मिनिटं तिची स्वतःची असत, त्यांत शास्त्र वाचायची. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. एकदा मी वैतागून विचारलं, "आई, रोज वाचून मिळतं काय तुला?" ती म्हणाली, "आजचं मिळतं. उद्याचं उद्या."

त्या उत्तराचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. तो त्या पिठाच्या ठशाच्या पानावरच होता.

मिसर सोडून रानात आलेल्या इस्राएल लोकांचं अन्न संपलं आणि कुरकुर सुरू झाली. सकाळी दव विरलं तेव्हा जमिनीवर धण्यांसारखे पांढरे बारीक दाणे पडलेले दिसले. लोक एकमेकांना विचारू लागले, हे काय? त्या प्रश्नावरूनच त्याला मान्ना हे नाव पडलं. नियम साधा होता : माणशी एक ओमर एवढंच माप, तोही ज्या त्या दिवशीच वेचायचा. ऊन चढलं की तो वितळायचा. उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचायचा आणि तो नासत नसे. असं ४० वर्षं चाललं. म्हणजे ४० वर्षांत त्या लोकांना कोठार भरून निश्चिंत झोपता आलं नाही, आणि ४० वर्षांत ते उपाशीही राहिले नाहीत.

बायबलमधून मिळणारा धीर या जातीचा आहे, असं मला वाटतं. तो साठवून ठेवता येत नाही. गेल्या वर्षी एखाद्या वचनाने आपल्याला उभं केलं, म्हणून यंदा त्याच्या नुसत्या आठवणीवर भागत नाही. पुन्हा वाकून वेचावं लागतं.

आपल्याला मात्र साठा हवा असतो. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन ख्रिस्ती घरांतल्या किती भिंतींवर दिसतं! देवाच्या मनात आपल्याविषयी अनिष्टाचे नव्हे, हिताचे संकल्प आहेत आणि पुढे आशा आहे, असं ते सांगतं. वडील आजारी असताना भेटायला येणारे हे वचन हमखास म्हणून दाखवत. आई मान डोलवायची आणि ते गेल्यावर त्याच्या आधीचं, १०वं वचन वाचायची. तिथे सत्तर वर्षांचा आकडा आहे.

भिंतींवरचं हे वचन म्हणजे एका पत्रातली ओळ आहे. यरुशलेमहून बाबेलला पाडाव करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. ऐकायला ते गोड होतं, पण खोटं होतं. यिर्मयाने सत्तर वर्षं सांगितली, म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची हयात परक्या मुलखातच सरणार होती. मग त्यांनी करायचं काय? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आशेचं ते सुप्रसिद्ध वचन या कामांच्या यादीनंतर येतं. सुटका लांब आहे, पण आजच्या दिवसाला काम आहे आणि त्या कामात देव आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलणाऱ्या बाईला हनन्याची दोन वर्षं पुरत नाहीत. तिला यिर्मयाचं पत्र लागतं.

आपल्या मराठी मातीतलं एक उदाहरण मला इथे आठवतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या अनुवादाला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत शास्त्र यावं, ही त्यांची तळमळ होती. १९२१मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली; १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून झाला तो १९२४मध्ये. मुलीच्या मृत्यूनंतरही त्या कामाला धरून राहिल्या. अनुवादाचं काम मान्न्यासारखंच असतं. आजच्या ओळी आज.

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीचं विशेषण म्हणून जो ग्रीक शब्द येतो, तो नव्या करारात त्या प्रार्थनेखेरीज कुठेच सापडत नाही. आजची, उद्याची, की जगायला पुरेल एवढी, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. मराठी अनुवादकांनी 'रोजची' म्हटलं, आणि पुढे 'भाकर' हा शब्द ठेवला. तव्यावरून उतरलेली, सकाळी थापलेली वस्तू. शिळी झाली की कडक होणारी. मला हा अनुवाद फार खोल वाटतो.

वडील गेले त्या वेळी आईचं स्तोत्रसंहितेचं वाचन चालू होतं, रोज एक स्तोत्र. दफनाच्या दुसऱ्या दिवशी सवयीने ती पाचला उठली. परात काढली, पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं, आवाज फुटेना. मी शेजारी बसून पुस्तक जवळ ओढलं. त्या दिवशी क्रमाने ८८वं स्तोत्र आलं होतं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी विश्वासाकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. मी घाबरून मेंढपाळाचं २३वं स्तोत्र शोधू लागलो. आईने माझा हात धरला. "जे आलंय तेच वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. तिचं बोट ओळीखालून सरकत राहिलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग ती उठली आणि दोघांपुरतं पीठ मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ८९वं वाचलं. त्याची सुरुवात गाण्याने होते.